कालव्यातला वाटा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या एका कालव्याच्या काठावरची ही लोखंडी झडप चाक फिरवून उचलणाऱ्या माणसाला आपल्याकडे पाटकरी म्हटले असते. पाणी चारीत उतरते, पुढच्या निमुळत्या मापक खोबणीतून जाते आणि तिच्या भिंतीवरच्या पट्टीवरचा आकडा तो वहीत टिपून घेतो. ही खोबण अभियंते राल्फ पार्शल यांनी याच राज्यात विकसित केली.

इथल्या आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातले कालवे अशा कंपन्या चालवतात, ज्यांचे भागधारक मुळात शेतकरी. नदीतून पाणी उचलण्याचा हक्क कंपनीच्या नावावर असतो आणि शेतकऱ्याकडे तिचे शेअर असतात. नदीवर ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी मिळते. कालव्याच्या आत मात्र तूट आली की ती सर्वांनी शेअरच्या प्रमाणात सोसायची असते. गाळ काढणे, झडपांची दुरुस्ती आणि पाटकऱ्याचा पगार शेअरमागे होणाऱ्या वार्षिक आकारणीतून भागतो.

आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या नायगावच्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क माणशी दिला आणि जमीन विकली तरी तो विकता येणार नाही, असा नियम केला. इथला शेअर मात्र विकता येतो. शेजाऱ्याने घेतला, तर कंपनीच्या नोंदवहीत नाव बदलले की काम झाले; शहराने पिण्यासाठी घेतला, तर जल न्यायालयात जावे लागते. १९६९च्या कायद्याने राज्याचे सात जलविभाग पाडले आणि प्रत्येकासाठी जल न्यायाधीश नेमण्याची व्यवस्था केली. पूर्वी पिकाने जेवढे पाणी प्रत्यक्ष शोषले तेवढेच हलवण्याची मुभा न्यायालय देते, कारण उरलेले पाणी मुरून पुन्हा नदीला मिळत होते आणि त्यावर खालच्या शेतकऱ्यांचे हक्क उभे असतात.

एवढ्याने सगळे वाचतेच असे नाही. १९७० आणि १९८०च्या दशकांत याच खोऱ्यातल्या क्रॉली काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बहुतेक शेअर ऑरोरा, प्युब्लो, कोलोरॅडो स्प्रिंग्ज अशा शहरांकडे गेले आणि पन्नास हजार एकरांच्या घरातले बागायत क्षेत्र काही हजार एकरांवर आले. ज्यांनी विकले नाही त्यांचेही हाल झाले, कारण कालव्यातले पाणी घटले की उरलेल्यातला मोठा हिस्सा वाटेतच मुरतो.

शेजारच्या कॅटलिन कालव्याच्या कंपनीने पोटनियमातच अट घातली होती: इतर भागधारकांना झळ बसणार नसेल तरच पाणी अन्यत्र नेण्यास संचालक मंडळ संमती देईल. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या दशकात ही अट उचलून धरली. २०१५पासून याच कंपनीच्या काही भागधारकांनी पाणी न विकता फाउलर, फाउंटन आणि सिक्युरिटी या गावांना भाड्याने देण्याचा प्रयोग केला. त्यात कोणतीही जमीन दहा वर्षांत तीनपेक्षा जास्त वर्षे पडीक ठेवता येत नाही.

पडीक वर्षीही पाटकऱ्याची वही कोरी राहत नाही. त्या शेताच्या वाट्यातले काही पाणी पाझर तळ्यात सोडावे लागते, म्हणजे एरवी शेतातून मुरून नदीला मिळणारा हिस्सा त्या वर्षीही नदीला पोचतो.