मुळांची जात कोण बघतो?

(वाळपईला काजू बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पाइन गोव्याच्या रानातलं झाड नव्हे. केरीच्या किनाऱ्यावर दिसतं ते सुरू. त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन बांधणारे जिवाणू असतात, पाइनला ती सोय नाही. तरी आज पाइनबद्दलच बोलतो, कारण झाडाच्या भुकेत आनुवंशिकतेचा वाटा किती, हे या झाडावर पिढ्यान्‌पिढ्या तपासलं गेलंय.

अमेरिकेच्या आग्नेय भागात लोब्लोली पाइनची निवड 1950च्या दशकापासून पद्धतशीर चालू आहे. एकेका मातृवृक्षाची संतती वेगळी लावायची, काही वाफ्यांना खत द्यायचं, काहींना नाही. हिवाळ्यात वाढ थांबली की शेंड्याकडच्या सुया, म्हणजे पाइनची सुईसारखी पानं, तोडायच्या, वाळवायच्या, दळायच्या आणि त्यांतला नायट्रोजन-फॉस्फरस मोजायचा. त्यातून दोन वेगळे गुण दिसतात. घरात एक भाऊ कमावता असतो, दुसरा आहे त्यात भागवणारा, झाडांतही तसंच. काही कुळं मातीतून जास्त ओढून घेतात, काही तेवढ्याच फॉस्फरसवर जास्त लाकूड धरतात. भागवणाऱ्याची एक युक्ती अशी: सुई गळण्याआधी तिच्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस बराचसा परत खोडाकडे ओढून घ्यायचा. कॅल्शियम मात्र सुईबरोबर खाली जातं, ते परत येत नाही.

वरच्या क्रमांकाची कुळं खत असो-नसो बहुधा वरच राहतात, हे मान्य. पण सगळीच नाही. भरल्या जमिनीवर पहिलं आलेलं झाड उपाशी जमिनीवर मागे पडू शकतं. म्हणून खताच्या वाफ्यातला निकाल माळरानाला लावताना मी तरी जपूनच राहीन.

शिवाय मुळं एकटी नसतात. पोर्तो रिकोत पाइनची रोपं खुरटून मरत होती. पाइनच्या रानातली माती, म्हणजे तिच्यातली बुरशी, आणून घातल्यावर ती तगली. बुरशीचे धागे मुळांना फॉस्फरस पोचवतात.

आता आपल्याकडे या. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. फॉस्फरस त्यांना असा चिकटतो, की घातलेल्या खतातला बराचसा भाग झाडाच्या हाती लागत नाही. अशा जमिनीवर ओढून घेणारं मूळ हवं. आणि आपण काय करतो? काजूचं कलम आणतो. वरची काडी निवडक जातीची, तिची खात्री नर्सरी देते. खालचं रोप, म्हणजे खुंट, कुठल्यातरी काजूबीचं, प्रत्येकाचं वेगळं. जमिनीतून खाणं ओढायचं काम त्याचंच, आणि त्याची चौकशी कोणी करत नाही! पाइनची फांदी रुजवून केलेली रोपं निदान स्वतःच्या मुळांवर उभी असतात, वर-खाली एकच जात.

खुंटासाठी बी निवडताना पाण्यात टाकून बुडणारी घेतात, ते बरोबरच आहे. बी भरलेली आहे एवढं त्यातून कळतं. तिची आई कुळागराच्या, म्हणजे पाण्याखालच्या नारळ-सुपारीच्या बागेच्या, काठाला पोसली होती की खत-पाण्याविना जांभ्यावर वाढून दरवर्षी लागत होती, ते कळत नाही. माझ्या मते खुंटाची बी त्या दुसऱ्या झाडाची घ्यावी, आणि पुढच्या खेपेला कलमं आणायला जाल तेव्हा नर्सरीवाल्याला काडीच्या आधी खुंटाचं विचारा.