मठ्ठ्यातला बर्फ आणि मावशीची उन्हाळी

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. अध्यक्षांनी ओळख करून देताना "तीस वर्षं जंतूंशी झुंज देणाऱ्या" असं काहीतरी म्हटलं, तर तसं काही नाही हो, मी तीस वर्षं जंतूंना जेवायला घातलं. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये दुसरं काय असतं? लघवीचा किंवा संडासचा नमुना येतो, त्यातल्या जंतूंना आवडीचं खाणं द्यायचं, ३७ डिग्रीला ऊब द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं कोण कोण वाढलंय. सासरी एवढा पाहुणचार कुणी केला नसेल मी कुणाचा.

विषय पत्रिकेत छापलाय, "अँटिबायोटिक्स का चालेनाशी झाली आणि आपण काय करायचं". पाऊण तास दिलाय. माझं जे म्हणणं आहे ते आधीच सांगून टाकते, नंतर मी भरकटले तरी तुमच्याकडे राहील: जुलाबावर घेतलेल्या गोळीचं बिल लघवीच्या वेळी येतं. दोन आजार वेगळे, दोन डॉक्टर वेगळे, मधे चार महिने गेलेले, त्यामुळे कुणी जोडत नाही. पण जंतू एकच असतो, ई. कोलाय, आणि त्याचं घर आपलं आतडं.

आता मावशीची गोष्ट. मे महिना, तासगावकडे मावसभावाचं लग्न, बुंदी, मसालेभात, आणि मठ्ठा. मठ्ठा उत्तम होता, तक्रार मठ्ठ्याची नाहीच, त्यात टाकलेल्या बर्फाच्या लादीची आहे, जी टेम्पोतून गोणपाटात गुंडाळून आली आणि मांडवामागच्या नळाखाली धुतली, ते मी स्वतः बघितलं आणि स्वतः दोन वाट्या मठ्ठा प्यायले, म्हणजे शिक्षणाचा उपयोग किती होतो बघा. रात्री अकरापासून वऱ्हाड लाईनीत. कार्यालयाला संडास पाच आणि माणसं दीडशे, वधूपक्ष-वरपक्ष हा भेद तिथे संपला, व्याहीबुवा आणि आमचे मामा एका दारासमोर हात जोडून उभे, "आधी तुम्ही", "छे छे, मान तुमचा". हसू नका, तेव्हा कुणी हसत नव्हतं.

सकाळी नवरदेवाचा एक मित्र, त्याचं मेडिकल आहे, स्कूटरच्या डिकीतून गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठाच घेऊन आला. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल, दोन औषधं एकाच गोळीत, म्हणजे बॅक्टेरिया असला तर एक लागेल आणि अमीबा असला तर दुसरी लागेल, अंधारात दोन्ही हातांनी दगड मारायचे. प्रत्येकाला एक पाकीट, अक्षता वाटाव्यात तसं. मी म्हटलं अरे नको, मीठ-साखर-पाणी दे सगळ्यांना, तर माझ्याकडे असं बघितलं की ही बाई लग्नाला आलीये की सरकारी शिबिराला.

मीठ-साखर-पाण्याला आपण हलकं समजतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर-मीठ-सोड्याचं पाणी पिंपातून पाजून हजारो माणसं वाचवली. मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं त्यांना, २०२३ मध्ये. एवढं मोठं संशोधन, पण चवीला खारट-गोड आणि खर्च नगण्य, म्हणून त्याच्यावर विश्वास नाही. गोळी कडू असली, तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव आली, की वाटतं हेवी डोस आहे, पॉवरचा आहे. पाण्यासारखे जुलाब, संडासमधून रक्त नाही, जोराचा ताप नाही, अशा वेळी अँटिबायोटिक बहुतेकदा लागतच नाही. दोन-तीन दिवसांत पोट आपलं आपण थांबतं, आणि श्रेय गोळीला जातं.

मावशीने तीन गोळ्या घेतल्या. पोट थांबलं. उरलेल्या सात बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात गेल्या, ज्यात झंडू बामच्या रिकाम्या बाटलीपासून मामांच्या जुन्या चष्म्यापर्यंत सगळं असतं. तुमच्याही घरी आहे तो डबा, नाही म्हणू नका.

सप्टेंबरात मावशीला उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, थेंब थेंब. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, मग डबा उघडला. "अगं पोटाची आहे तर काय झालं, जंतूचीच ना?" दोन गोळ्या. मग गल्लीतल्या डॉक्टरांची तीन दिवसांची वेगळी गोळी. मग थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखायला लागलं. तेव्हा नमुना माझ्याकडे आला. लोणच्याच्या बाटलीत.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे माझं तीस वर्षांचं दुखणं आहे. लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, नमुना लोक कशात आणतात! लोणच्याच्या बाटलीत, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, एकाने अत्तराच्या कुपीत आणला होता आणि म्हणाला मॅडम वास येऊ नये म्हणून. लॅबची निर्जंतुक डबी दहा-पंधरा रुपयांना मिळते हो. आणि सकाळी सहाला घेतलेला नमुना दुपारी एकला आणतात, "वाटेत बाजार केला". ई. कोलायला ऊब मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. आठ तासांत एका जंतूचे एक कोटी ६७ लाखांच्या वर. म्हणजे तुम्ही भाजी घेईपर्यंत पिशवीत त्यांची जनगणना बदललेली असते. आणि वर नमुन्याआधी अँटिबायोटिकचे दोन डोस घेऊन यायचं, म्हणजे चोर पळाल्यावर पंचनामा.

असो. तर एक मिलिलिटरचा हजारावा भाग मावेल एवढं तारेचं कडं असतं, ते लघवीत बुडवून जंतूंचं खाणं ओतलेल्या प्लेटवर ओढायचं. दुसऱ्या दिवशी शंभर ठिपके उगवले तर मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू. हा लाखाचा आकडा अमेरिकेतल्या एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात मांडला, आजही तोच लिहितो आम्ही. मावशीच्या प्लेटवर मोजायची गरज नव्हती, गुलाबी गालिचा होता. मग दुसरी प्लेट, तिच्यावर औषधं भरलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल मोकळा राहतो, आपण रांगोळी घालायच्या आधी वाटी उपडी ठेवतो ना तसा, आणि तो गोल मिलिमीटरच्या पट्टीने मोजायचा. मावशीच्या प्लेटवर ऑफ्लॉक्सासिनची चकती गवतात पडलेल्या नाण्यासारखी, जंतू अगदी काठापर्यंत. सेफॅलोस्पोरिनचं, म्हणजे पेनिसिलिनच्या नात्यातल्या औषधांचं, तेच. पण त्यातल्या एका चकतीच्या बाजूला क्लॅव्युलॅनिक ॲसिडची, म्हणजे जंतूचं हत्यार बोथट करणाऱ्या औषधाची, चकती होती आणि त्या दोघींच्या मधे मोकळी जागा किल्लीच्या भोकासारखी झाली होती. हे दिसलं की आम्ही समजतो, ईएसबीएल. म्हणजे या जंतूकडे पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनची कडी कापणारी कात्री आहे. आधी मला आनंद झाला, इतका सुंदर नमुना, विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवावा, मग नाव वाचलं.

नायट्रोफ्युरँटॉइन चालत होतं, पण ते औषध लघवीत उतरतं, किडनीच्या आत किंवा रक्तात पुरेसं राहत नाही, आणि मावशीचं दुखणं तोवर मूत्राशयातून वर किडनीला पोचलेलं. म्हणजे शिरेतून इंजेक्शनं. ज्या बाईने तीन बाळंतपणं घरी केली तिला दहा दिवस हाताला सुई लावून बसावं लागलं.

आता तुम्ही विचाराल, त्या तीन गोळ्यांनीच झालं कशावरून? एकट्या मावशीवरून मी तसं छातीठोक सांगू शकत नाही. पण फिनलंडच्या लोकांनी एक छान काम केलं, २०१५ मध्ये छापून आलं. परदेशात फिरायला निघालेले ४३० प्रवासी, जाण्याआधी आणि आल्यावर त्यांची संडास तपासली. ज्यांना जुलाब झाले नाहीत आणि गोळी घेतली नाही, त्यांच्यातल्या ११ टक्क्यांनी हा ईएसबीएलवाला जंतू पोटातून घरी नेला. जुलाब झाले पण गोळी घेतली नाही, २१ टक्के. जुलाब झाले आणि अँटिबायोटिक घेतलं, ३७ टक्के. आणि दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे वगैरे, आलेल्यांचे तेच आकडे २३, ४७ आणि ८०. ऐंशी! ते बिचारे थोडे दिवस राहिले, आपण जन्मापासून इथलंच पाणी पितोय.

कारण सोपं आहे. आतड्यात जंतूंची गर्दी असते, एसटी स्टँडसारखी. गोळीने साधे जंतू मरतात, जागा रिकामी होते, आणि ज्याच्याकडे कात्री आहे तो पाय पसरून बसतो. आतडं आणि लघवीची वाट यात अंतर किती, बायकांमध्ये तर बोटभर. तोच जंतू पुढे तिकडे जातो.

आणि ही कात्री एकट्याची राहत नाही. शेजारीण चकलीच्या भाजणीचं प्रमाण लिहून देते तसं असतं. पोरीलाच देईल असं नाही, नात्यागोत्यात नसलेल्या बाईलाही देते. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीचा शिगेला जंतू चार औषधांना एकदम दाद देईना, सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन. चारही गुण एकदम कसे आले? १९५९ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की ई. कोलाय आणि शिगेला एकत्र वाढवले की चारही गुण एका झटक्यात इकडून तिकडे जातात. म्हणजे चकली, चिवडा, शंकरपाळी, अनारसे, चारही प्रमाणं एकाच चिठ्ठीवर. त्या चिठ्ठीला आम्ही प्लास्मिड म्हणतो. म्हणून एका औषधाचा मारा केला तरी उरलेल्या तीन औषधांचा बंदोबस्त आपोआप टिकून राहतो. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादला २०१६ पासून बहुतेक औषधांना दाद न देणारा जो भयंकर टायफॉईड पसरला, त्याच्याकडची चिठ्ठी ई. कोलायकडून आली होती. पोटातलीच शेजारीण.

गावाच्या नावावरून आठवलं, एनडीएम-१, म्हणजे नवी दिल्लीवरून नाव पडलेली कात्री, जी कार्बापेनेम ही गंभीर आजारासाठी राखीव ठेवलेली औषधंही कापते. आठवतंय ना, २०१० साली केवढा गदारोळ, आमच्या राजधानीचं नाव जंतूला का दिलं, मेडिकल टुरिझम बुडवायचा कट आहे म्हणून. संसदेत ओरडा. मूळ जंतू सापडला होता स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या लघवीत, जो दिल्लीला उपचार घेऊन गेला होता. मुळात या खात्यात गावाची नावं देतातच हो. अशाच दुसऱ्या कात्र्या बघा, सीटीएक्स-एम मधला एम म्युनिकचा, व्हीआयएम मधला व्ही इटलीतल्या व्हेरोनाचा. म्युनिकमध्ये मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये, ज्या लेखावरून गदारोळ झाला तो लॅन्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात यायच्या आधी, मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी स्वतःच छापलं होतं की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या त्यांच्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये हेच आहे. तेव्हा कुणाला राग आला नाही, कारण कुणी वाचलंच नाही. इंग्लंडच्या साप्ताहिकात आलं तेव्हा अब्रू गेली. यावर मी तासभर...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. प्लास्मिड नाही, अध्यक्षांची आहे.

बरं, मग भराभर. आपण काय करायचं, हा खरा विषय होता. एक, इथे बसलेल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: कल्चरमध्ये जंतू आला म्हणजे आजार झाला असं नाही. वय वाढलं की कित्येकांच्या लघवीत जंतू नुसते राहतात, जळजळ नाही, ताप नाही, काही नाही. गरोदर बाई असेल किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन व्हायचं असेल तर औषध द्यायचं, एरवी त्या रिपोर्टवर उपचार करायचा नाही. नुसता वास येतो म्हणून कल्चर करू नका, पाणी प्या. माझ्याकडे दर महिन्याला येऊन कल्चर करणारे एक काका होते, तीन वर्षांत सात औषधं झाली, तक्रार मुळात काहीच नव्हती, पॅकेजमध्ये फुकट होतं म्हणून पहिल्यांदा केलं.

दुसरं, खरोखर जळजळ असेल तर डॉक्टरांना विचारा, नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनने भागेल का. पहिलं १९५३ पासूनचं, म्हणजे आपल्यातल्या काहींच्या वयाचं, पाच दिवस घ्यायचं, लघवी गडद पिवळी-तपकिरी होते तेव्हा घाबरून फोन करू नका. दुसऱ्याची तीन ग्रॅमची एकच पुडी. आतड्यातली गर्दी फारशी विस्कटत नाहीत, आणि आपल्याकडे अजून चालतात. किडनी अधू असेल तर मात्र स्वतःच्या मनाने नाही.

"कोर्स पूर्ण करा" हे तुम्हाला पाठ आहे. मला त्या वाक्याचा जरा रागच आहे, कारण खरा प्रश्न कोर्स सुरूच का केला हा असतो. मावशीने दहाच्या दहा गोळ्या संपवल्या असत्या तर आतड्याचं भलं झालं नसतं, उलट जास्त रान मोकळं झालं असतं.

मेडिकलवाल्यांबद्दल: १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन आहे, तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेमसारखी औषधं विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं, वही तीन वर्षं ठेवायची. वही बघायला मागा एकदा, चेहरा बघण्यासारखा होतो. कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून कोलिस्टिन द्यायचे, जे आपलं अगदी शेवटचं राखीव औषध, ते २०१९ मध्ये बंद केलं, चांगलं झालं. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जुलाब-टायफॉईड होऊच न देणं. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉईडची नवी लस टोचायला सुरुवात केली, सरकारी पातळीवर असं जगात कुठे झालं नव्हतं. त्यावर बोलायचं होतं, राहिलं.

हो हो, थांबते. ते मागचे काका मघापासून काय विचारतायत? डब्यातल्या उरलेल्या गोळ्या? सातातल्या दोन मावशीने घेतल्या, पाच राहिल्या. मी हॉस्पिटलमधून परस्पर तिच्या घरी गेले होते टाकून द्यायला, तर डब्यात तीनच. दोन शेजारणीच्या नातवाला दिल्या होत्या, पोट बिघडलं होतं म्हणून.

रिपोर्ट घेऊन आलेल्यांनी चहाच्या टेबलापाशी या, चष्मा आणलाय मी. लोणच्याच्या बाटल्या कुणी आणल्या असतील तर त्या तेवढ्या बाहेरच ठेवा.