फाळासारखं डोकं

जांभ्याचा हा दगड हळूच कलता केला. खाली ओलसर माती, कुजलेली पानं, मुंग्यांची पळापळ. आणि डावीकडे वळवळतंय ते गांडूळ नव्हे. नीट बघा, जीभ बाहेर येतेय.

हा चंचुवाळा. दक्षिणेकडच्या द्वीपकल्पी भारताबाहेर जगात कुठेही न सापडणारा आंधळा साप. १८४४ साली द्युमेरील आणि बिब्राँ या फ्रेंच अभ्यासकांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कुंडीत निघणारा साधा वाळा जेमतेम वीतभर. हा मात्र दोन फुटांपर्यंत वाढतो. तरी दिसतो क्वचितच, कारण सगळा जन्म जमिनीखाली.

आता तोंडाजवळ जाऊ. नाकावरचा खवला पुढे येऊन खाली वळलाय, पोपटाच्या चोचीसारखा. त्याच्या कडेला धार आहे. तोंड त्या चोचीखाली, मागे दडलेलं. माती आत शिरत नाही. तो काळसर ठिपका म्हणजे डोळा, खवल्याखाली झाकलेला. उजेड आहे की अंधार, एवढंच त्याला कळतं. बाकी सगळं जिभेवर.

इतर सापांच्या पोटावर रुंद पट्ट्या असतात. याला उलटा केला तरी खवले तेच, गुळगुळीत, पाठीसारखेच. त्यामुळे बिळात पुढे सरकणं सोपं आणि मागे येणंही. शेपटीच्या टोकाला बारीक काटा आहे. हातात धरलं की टोचतो, पण त्यात विष नाही. मातीत तो टेकू म्हणून रुतवायचा आणि अंग पुढे रेटायचं.

वारुळाच्या या कापात पांढरे दाणे दिसतात ना, ती वाळवीची पिल्लं. हेच त्याचं जेवण, शिवाय मुंग्यांची अंडी, अळ्या. दात फक्त वरच्या जबड्यात. तो जबडा दंताळ्यासारखा मागेपुढे हलवत घास आत ओढतो.

पावसाच्या पहिल्या सरींनी बिळं भरली की तो वर येतो, आणि सापाचं पिल्लू म्हणून चपलेखाली जातो. चिरेखाणी, रोटाव्हेटर, अंगणातल्या फरश्या, यांत तर तो दिसतही नाही.

दगड लगेच ठेवायचा नाही. आधी त्याला जाऊ द्या. चोच रुतली. डोकं गेलं. अर्धं अंग आत... काट्यानं एक शेवटचा रेटा.

आता दगड.