पायथॉनला ३.१० हे ३.९ पेक्षा लहान का वाटतं? व्हर्जन कोडमधून नीट कसं विचारायचं

[कॅमेऱ्यासमोर]
नमस्कार मंडळी. समजा, लासलगावच्या कांद्याच्या भावांची सरासरी काढणारा प्रोग्राम तुम्ही नाशिकला घरच्या लॅपटॉपवर लिहिला. तिथे आहे पायथॉन ३.१२. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू २०.०४, आणि त्याच्यासोबत येतं पायथॉन ३.८. तिथे चालवला की एररचा ढीग, आणि खरं कारण त्या ढिगात कुठेच दिसत नाही. म्हणून प्रोग्रामनं सुरुवातीलाच विचारायचं: समोरचं पायथॉन कितवं?

त्यासाठी 'सिस' मॉड्यूल इम्पोर्ट करा. त्यात पहिलं सापडतं ते 'सिस डॉट व्हर्जन'. ही नुसती स्ट्रिंग आहे, म्हणजे टेक्स्ट: आकडा, बिल्डची तारीख, कंपायलरचं नाव, सगळं एकत्र. माणसानं वाचायला छान, पण तुलनेसाठी तिला हात लावू नका.

[स्क्रीनवर: "३.१०" < "३.९", उत्तर ट्रू]
का, ते बघा. कांद्याचे भाव टेक्स्ट म्हणून सॉर्ट केले, तर १००० हा ९०० च्या आधी येतो. तुलना अक्षराला अक्षर लावून होते आणि १ हा ९ च्या आधी. इथेही तेच. पॉइंटपर्यंत दोन्ही सारखे, मग १ विरुद्ध ९, निकाल लागला. काही जण स्ट्रिंगची पहिली तीन अक्षरं कापून घ्यायचे. ३.९ पर्यंत निभावलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आलं आणि तोच कोड त्याला ३.१ समजायला लागला.

योग्य जागा म्हणजे 'सिस डॉट व्हर्जन इन्फो'. हे पाच घरांचं टपल आहे, म्हणजे ठरलेल्या क्रमानं ठेवलेल्या पाच किमती: मेजर, मायनर, मायक्रो, रिलीज लेव्हल आणि सिरियल. पहिली तीन घरं आणि शेवटचं म्हणजे पूर्णांक. चौथ्यात अल्फा, बीटा, कँडिडेट किंवा फायनल हा शब्द असतो.

[स्क्रीनवर: व्हर्जन इन्फो >= (३, १०)]
तपासणी अशीच लिहा, मोठं किंवा समान. 'समान' हे चिन्ह एकटं लावलंत तर उत्तर कायम फॉल्स, कारण एकीकडे पाच घरं आणि दुसरीकडे दोन. नुसतं 'मोठं' लावलंत तर ३.१० स्वतःच ३.१० पेक्षा मोठं ठरतं! पहिली दोन घरं जुळली की ज्या टपलात घरं जास्त, ते मोठं. '३.१० च्या पुढचं' हवं असेल, तर सरळ (३, ११) शी 'मोठं किंवा समान' लावा.

'हेक्सव्हर्जन' म्हणजे हेच सगळं एका पूर्णांकात. ३.१२.३ फायनल हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत, दिसतं ०३, ०सी, ०३, एफ०. सी म्हणजे १२, एफ म्हणजे फायनल. रोजच्या कामाला टपल पुरतं. पायपाय, म्हणजे पायथॉनचा कोड चालवणारा वेगळा प्रोग्राम, वापरत असाल, तर व्हर्जन इन्फो भाषेचं व्हर्जन सांगतं. पायपायचं स्वतःचं हवं असेल, तर 'सिस डॉट इम्प्लिमेंटेशन' बघा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. फाइलच्या डोक्यावर तपासणी लिहिली, खाली 'मॅच' स्टेटमेंट वापरलं. मॅच आलं ३.१० मध्ये. ३.८ वर चालवा, तुमचा मेसेज येतच नाही, थेट सिंटॅक्स एरर. पायथॉन आधी अख्खी फाइल कंपाइल करतं, मग पहिली ओळ चालवतं. त्यामुळे तपासणीची वेळच येत नाही.

उपाय: तपासणी वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवा, आणि खरा प्रोग्राम ती पास झाल्यावरच इम्पोर्ट करा. त्या छोट्या फाइलमध्ये एफ-स्ट्रिंगसुद्धा (टेक्स्टमध्येच व्हेरिएबल घालायची नवी पद्धत) नको. एखाद्या जुन्या मशीनवर अजून २.७ असतं, ते तिथेच अडेल. नापास झालं तर 'सिस डॉट एक्झिट'ला मेसेज द्या: कुठलं व्हर्जन लागतं, कुठलं मिळालं, आणि सोबत 'सिस डॉट एक्झिक्युटेबल'. हा पायथॉनचा पूर्ण पाथ. तो वाचला की लगेच कळतं, मशीनवर नवं पायथॉनच नाही, की आहे पण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथॉन, सुरू करायचं राहून गेलं.