घर ऑगस्टात बघा, पण जानेवारीच्या नजरेने

नमस्कार मंडळी!

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन-अर्बाना या विद्यापीठाच्या जोडशहरात नव्याने आलेल्यांना आज एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. घर बघायला जाल तेव्हा हवा छान असेल, झाडं हिरवीगार असतील. तरी प्रत्येक खोलीत उभं राहून जानेवारी आठवा.

पहिला प्रश्न हीटिंगचा. ते गॅसवर चालतं की विजेवर, आणि बिल कोण भरतं? भिंतीच्या तळाशी लांबट विजेचे हीटर दिसले तर भाडं कमी असूनही थंडीतलं बिल जड जातं. आधीच्या भाडेकरूचं जानेवारीचं बिल दाखवायला सांगा. त्यात संकोच करू नका, इथे तो रीतसर प्रश्न आहे.

आता पाण्याचे पाइप. डिसेंबरात सेमिस्टर संपलं की आपल्यातले बरेच जण तीन-चार आठवड्यांसाठी पुण्या-मुंबईला जातात आणि निघताना बिल वाचवायला हीटिंग बंद करतात. सगळ्यात महाग पडणारी चूक ती हीच. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइपात बर्फाचं बूच बसतं, आणि ते बूच व बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जाऊन पाइप फुटतो. पाणी वाहायला लागतं ते बर्फ वितळल्यावर, आणि तेव्हा घरात कोणी नसतं. म्हणून थर्मोस्टॅट ५५ फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली कधीच नेऊ नका. सिंक बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर त्याखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते. कडाक्याच्या रात्री तिथले गार आणि गरम दोन्ही नळ बारीक ठिबकत ठेवा. दाबाला वाट मिळते, हा त्याचा खरा उपयोग. याच इलिनॉयमधल्या माउंट कॅरोलला ३१ जानेवारी २०१९ रोजी उणे ३८ फॅरेनहाइट नोंदलं गेलंय, तेव्हा हे थोडं जास्तच वाटलं तरी करा. निघण्याआधी घराची किल्ली इथे राहणाऱ्या कुणाकडे तरी द्या. कुणाकडे द्यावी असा प्रश्न पडला तर आपल्या मराठी मंडळात विचारा, आठवड्यातून एकदा डोकावणारं माणूस नक्की मिळेल.

आपल्या स्वयंपाकाचंही बघायला हवं. शेगडीवर मायक्रोवेव्ह बसवलेला असेल तर त्याचा पंखा लावा आणि वरच्या जाळीपुढे हात धरा. हवा हाताला लागली, तर फोडणीचा धूर बाहेर न जाता परत घरातच येणार. मग शेजारची खिडकी उघडते का, तेही बघून घ्या. त्या तेलकट धुराने फर्नेसचा, म्हणजे घरभर गरम हवा सोडणाऱ्या भट्टीचा, फिल्टर लवकर बुजतो. हवा अडली की फर्नेस तापून आपोआप बंद पडते आणि ऐन थंडीत घर गारठतं. थंडीत महिन्यातून एकदा फिल्टर काढून उजेडासमोर धरा, आरपार दिसेना झालं की बदला. माप पुठ्ठ्याच्या कडेवर छापलेलं असतं. नवा बसवताना त्याच्यावरचा बाण फर्नेसच्या दिशेने हवा. धुराचा अलार्म फोडणीला वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बघा. गॅसची उपकरणं असलेल्या घरात तो झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत असणं या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे.

बसचं थोडक्यात. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर एमटीडीचा, म्हणजे इथल्या शहर बससेवेचा, प्रवास फुकट आहे, पण सेमिस्टरच्या सुट्टीत फेऱ्या कमी होतात. घर ठरवण्याआधी सुट्टीचं वेळापत्रक बघा, कारण बर्फात थांब्यावर उभं राहायचं ते तेव्हाच.

शेवटी भाडेकराराचं. कॅम्पसजवळची बरीचशी लीज ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात आणि जुनी त्याआधीच संपतात. मधल्या काही रात्री सामानासकट कुठे राहायचं ते आधी ठरवा. चौघांनी मिळून एकच लीज केलं, तर बहुतेक ठिकाणी एकाने पैसे थकवल्यास बाकीच्या तिघांवर येतात. सहीपूर्वी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या ऑफ-कॅम्पस कम्युनिटी लिव्हिंग कार्यालयात लीज तपासून घ्यावं. इमारतीत पाच किंवा अधिक घरं असतील तर डिपॉझिटमधून दुरुस्तीचे पैसे कापताना मालकाने ३० दिवसांत तपशीलवार हिशेब द्यायचा असतो. आणि ताबा मिळाला त्याच दिवशी, सामान आत नेण्याआधी, प्रत्येक भिंतीचे, गालिच्याच्या डागांचे आणि ओव्हनच्या आतले फोटो काढून मालकाला ईमेल करा.