मोठ्याला धरा, छोट्याला नाही! छोटा कुत्रा मोठ्या कुत्र्यांशी खेळताना

नमस्कार मंडळी! सध्या कॉमेंटमध्ये एकच प्रश्न फिरतोय. "ताई, आमचं पिल्लू एवढंसं, शेजारचा लॅब्रेडॉर एवढा मोठा. खेळायला सोडू का?" सोडा. पण ऐकून घ्या आणि मग सोडा.

लसी झाल्यात, जंतांचं औषध दिलंय, असं धरून चालते. फिरवताना गळ्याच्या पट्ट्याला दोरी लावू नका, छातीचा हार्नेस घ्या. पॉम (पॉमेरेनियन), यॉर्की (यॉर्कशायर टेरियर) अशा छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, ओढाताणीत दबते. पहिली भेट कुणाच्या घरात नको, बाहेर मोकळ्यावर. दोघांना अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा, दोऱ्या सैल, मग 3 सेकंद हुंगू द्या आणि बाजूला बोलवा. खेळणी, खाऊ मध्ये नको. हे सगळं तुम्हाला माहितीये. पुढे.

आधी वजनाचं बघा. खरा पॉमेरेनियन 2-3 किलोचा. (आपल्याकडे पॉम म्हणून विकतात ते बरेचसे इंडियन स्पिट्झ असतात, ते मोठे. यावरून पुन्हा भांडू नका, मागच्या व्हिडिओखाली पुरे झालं.) लॅब्रेडॉर 30 किलोचा. दहापट! त्याने लाडाने पंजा टाकला तरी छोट्याचं हाड मोडू शकतं. पग आणि शिह त्झूंच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात, झटापटीत डोळा बाहेर येऊ शकतो. तसं झालं तर आत ढकलायचा नाही. स्वच्छ ओलं फडकं ठेवायचं आणि तडक डॉक्टर.

आता मुद्द्याचं. खेळ रंगात आला की तो मध्येच थांबवायचा. कसा? मोठ्याला धरायचं. छोट्याला नाही, मोठ्याला. 5-10 सेकंद. आणि छोटा काय करतो ते बघायचं. तो परत मोठ्याकडे गेला, पुढचे पाय टेकून ढुंगण वर केलं, तर त्याला खेळायचंय, सोडा. तो तुमच्या पायामागे आला, जांभई दिली, ओठ चाटले, शेपूट आत घेतलं, तर खेळ संपला. तुम्हाला कितीही गोड वाटत असला तरी संपला.

मैत्रिणीच्या सोसायटीत, इथे नाशिकला गंगापूर रोडवर, हेच झालं. तिचा जर्मन शेफर्ड आणि आमचा लाडू. सगळे मोबाइल काढून उभे, "किती छान खेळतायत!" मी म्हटलं, जरा शेराला धर. धरल्याबरोबर लाडू माझ्या सलवारीत तोंड खुपसून बसला. त्याला छान वगैरे काही वाटत नव्हतं, त्याला सुटायला जागा मिळत नव्हती.

छोट्यालाच धरलं तर? तुम्हाला काहीच कळत नाही. तो अडकलेला आणि मोठा त्याच्या अंगावर. भीती वाढते आणि पुढच्या भेटीत तोच आधी गुरगुरतो. मग म्हणायचं, "छोटे कुत्रे तापटच असतात."

आणि न थांबवता खेळ चालूच ठेवला तर? अंगात जोर चढत जातो. छोटा केकाटत पळतो आणि मोठ्याच्या डोक्यात खेळाची जागा शिकार घेते. हे क्षणात होतं. रोज एका चटईवर झोपणाऱ्या कुत्र्यांमध्येसुद्धा होऊ शकतं. मोठा कुत्रा वाईट नसतो, पळणाऱ्या छोट्या गोष्टीमागे धावणं त्याच्या रक्तातच आहे. म्हणून दर मिनिटाला, नाहीतर दोन मिनिटांनी, धरा मोठ्याला.

म्हणजेच मोठ्याचा मालक जवळ हवा. सोमेश्वरच्या बाजूला सकाळी एक काका भेटतात. कुत्रा पुढे सुसाट, काका पन्नास पावलं मागे, तिथूनच ओरडतात, "घाबरू नका, आमचा काही करत नाही!" काका, करत नसेल हो. पण केलं तर धरणार कोण?

आता तुमची आवडती कॉमेंट. "सरळ उचलून घ्यायचं ना!" हात वर करून कुत्रा डोक्यावर धरला की मोठा त्याच्यासाठी उडी मारणारच. पाडेल तुम्हालाच. उचलणं भागच असेल, म्हणजे भटका कुत्रा थेट अंगावर येतोय, तर पाठ फिरवा, छातीशी घट्ट धरा, त्याचे पाय आत, किंचाळू नका, धावू नका, हळूहळू निघा. त्याआधी शक्य असेल तर दोघांच्या मध्ये तुम्ही उभे राहा. बऱ्याच वेळा तेवढ्याने भागतं.

जाता जाता, गंगापूर धरणाच्या, मळ्यांच्या बाजूला राहणाऱ्यांनो, अंधार पडल्यावर छोटा कुत्रा मोकळा सोडू नका. बिबट्याशी सोशलायझेशन होत नसतं.

आणि चावलं तर. बाहेरून दाताचं एक बारीक भोक दिसतं. मोठा कुत्रा धरून झटकतो तेव्हा कातडी सरकते, पण आतला स्नायू फाटतो, बरगडी तुटू शकते, फुप्फुसाला मार बसू शकतो. कुत्रा चालतोय, खातोय, म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सोडवताना तुम्हाला दात लागला तर 15 मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग दवाखान्यात जाऊन रेबीजची लस.

एका ताईंनी विचारलंय, "बारीक भोकच आहे, हळद दाबली तर चालेल का?"

नाही हो ताई. गाडी काढा.