नारळाच्या शेंडीचं घरटं

लालबागच्या चाळीतली गॅलरी. वाळत घातलेल्या चादरींमागे भिंतीला टेकवलेला पिंजरा. आत झेब्रा फिंच पक्ष्यांच्या दोन जोड्या. गालावर नारिंगी ठिपका असलेला नर, साध्या राखाडी रंगाची मादी. आवाज जत्रेतल्या पिपाणीसारखा, आणि दिवसभर.

मूळचे हे ऑस्ट्रेलियातले. तिथल्या कोरड्या मुलखात पाऊस झाला, गवताला बी धरलं, की हे विणीला लागतात. मुंबईतल्या पिंजऱ्यात राळा रोज, पाणी रोज. थांबायला कारणच उरत नाही. मग विणीवर लगाम ठेवायला पाळणाऱ्याच्या हातात मुख्यतः घरटंच राहतं.

क्रॉफर्ड मार्केटात वेताच्या टोपल्या मिळतात, लाकडी पेट्याही मिळतात. पण मातीचं मडकं स्वस्त, धुवून उन्हात टाकता येतं. जोड्या दोन असल्या तरी मडकी चार हवीत, आणि सगळी एकाच उंचीवर. फिंचला वरची जागा प्यारी. एखादं मडकं जरा वर टांगलं की त्याच्यावरून मारामारी ठरलेली.

आता आतला माल. मुंबईकराला तो विकत घ्यायला नको. स्वयंपाकघरातल्या नारळाची शेंडी सोडवायची, धुवायची, कडकडीत वाळवायची आणि चार बोटांएवढे तुकडे करायचे. लांब धागा नको. शिवणाचा दोरा, लोकर, कापूस, केस तर अजिबात नकोत. पिल्लांच्या पायाला ते गुंडाळले जातात, रक्त अडतं, बोट झडून जातं. पावसाळ्यात ओलसर गवत दिलं तर बुरशी आलीच, आणि तिने पक्ष्यांची फुप्फुसं धरतात. काथ्या लवकर वाळतो, म्हणून इथे तोच बरा.

हा नर पाहा. चोचीत काथ्याची एकच काडी, तीही आडवी. मडक्याच्या तोंडाशी ती अडते. तो मान वळवतो, काडीचं टोक पकडतो, आत शिरतो. आणून देणारा बहुतेक तोच, रचणारी मादी. शेवटी अस्तराला मऊ पिसं.

अंडी दिसली की उरलेला काथ्या पिंजऱ्यातून काढून घ्यायचा. नवखे नेमकं हेच विसरतात. सामान समोर असेल तर नर आणतच राहतो, अंड्यांवर नवा थर चढतो, त्यावर मादी पुन्हा अंडी घालते आणि खालची थंड पडून वाया जातात. सामान वेळेवर काढलं, तर दोघं आळीपाळीने बसतात, साधारण दोन आठवड्यांत अंडी फुटतात आणि आणखी तीन आठवड्यांनी पिल्लं घरट्याबाहेर पडतात.

एक सांगायला हवं. हे सगळं परदेशी फिंचबद्दल. आपल्या रानातली लाल मुनिया पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, विकणारा काहीही म्हणो.

विणीच्या दोन-तीन खेपा झाल्या की मडकी उतरवायची. सतत अंडी घालून मादीच्या अंगातलं कॅल्शियम संपतं, अंडं आत अडकतं आणि ती दगावू शकते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस बारा महिने लटकवलेला असावाच, पण तो विश्रांतीची जागा घेत नाही. मडकी काढूनही काही माद्या दाण्याच्या वाटीतच बसतात. मग नर एका पिंजऱ्यात, मादी दुसऱ्या. दोघंही बोंबलतात, चार-दोन दिवस शेजाऱ्यांचं ऐकून घ्यायचं.